थोरल्या भावाच्या साक्षीची नक्कल आणि वारसांची हजेरी

प्रति,
मा. प्रबंधक,
स्थानिक न्यायालय.
(द्वारा : नक्कल विभाग, खिडकी क्रमांक दोन. ती बंद असल्यास खिडकी क्रमांक तीन. तीही बंद असल्यास अभिलेख कक्ष, जिन्याखाली.)

विषय : निकाली फौजदारी प्रकरणातील बचावाच्या पहिल्या साक्षीदाराच्या साक्षीची नक्कल व त्यासाठी वारसांची हजेरी घेणेबाबत. अत्यंत तातडीचे.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. त्यांना आवक क्रमांक मिळाले आहेत, नक्कल मिळालेली नाही.
२) आपल्या कार्यालयाचे वारसांच्या संमतीविषयीचे पत्र.
३) आपल्या कार्यालयाचे वारसांच्या समक्ष हजेरीविषयीचे पत्र, जे काल संध्याकाळी मिळाले.

महोदय,

वरील विषयाबाबत अर्जदार आपल्याकडे पुढीलप्रमाणे गाऱ्हाणे मांडत आहे. अर्ज रुग्णालयातील बाकावर बसून लिहिलेला असल्याने समास सोडता आलेला नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

१. अर्जदार मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचे, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि गाडी कुणाच्या अंगावर जाऊ द्यायची नाही, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. हे सांगण्याचे कारण असे की, "हे गृहस्थ खिडकीशी उभे राहून सारखा पाय आपटतात" अशी तक्रार नक्कल विभागातील लिपिकबाईंनी केल्याचे अर्जदाराच्या कानावर आले आहे. तो पाय रागाने आपटला जात नाही. जिवाची घालमेल झाली की तो आपोआप दाबला जातो, घरी जेवायला बसल्यावरसुद्धा. तरी बाईंना झालेल्या त्रासाबद्दल अर्जदार दिलगीर आहे.

२. आता मूळ हकीकत. अर्जदाराचे वडील पाणी सोडणारे होते. लांब दांड्याची लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे, ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडायचा आणि ठरल्या वेळी बंद करायचा. वेळ म्हणजे वेळ. स्वतःच्या घरातली बादली अर्धी भरलेली असली तरी वडिलांनी कधी मिनिटभर जास्त पाणी चालू ठेवले नाही, आणि त्यावरून आईने त्यांना जे काही ऐकवले ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही. नियम पाळण्याचा हा आजार अर्जदाराच्या घरात पिढीजात आहे. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला, हे आपल्या लक्षात येईलच.

एके दुपारी उतारावरच्या एका गल्लीतला व्हॉल्व्ह बंद होईना. आटे झिजलेले होते, आणि ते झिजले आहेत हे वडिलांनी वरिष्ठांना आधीच कळवले होते. थोरला भाऊ त्या वेळी डबा द्यायला गेला होता. बाप-लेक दोघेही किल्लीला लोंबकळले, पण व्हॉल्व्ह हलला नाही. खालच्या कागदाच्या गोदामात पाणी शिरले आणि आतल्या मालाचा लगदा झाला. गोदामवाल्याने फिर्याद केली, वरिष्ठांनी हात झटकले, आणि निष्काळजीपणाचा खटला एकट्या वडिलांवर उभा राहिला.

३. वडिलांच्या वकिलांनी बचावासाठी तीन साक्षीदार दिले होते. पहिला थोरला भाऊ, कारण तो जागेवर होता. दुसरी आई, कारण वडील घरून वेळेवर निघाले हे तिला ठाऊक होते. तिसरा अर्जदार, कारण आटे झिजल्याचा वडिलांचा निरोप घेऊन कचेरीत धावत गेलेला शाळकरी मुलगा तोच. साक्षीसाठी म्हणून अर्जदाराला नवे बूट घेतले होते आणि ते इतके वाजत होते की पट्टेवाल्याने त्याला जागेवरून न हलण्याची ताकीद दिली.

आपणांस हे सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल, परंतु ज्याची साक्ष व्हायची आहे त्याने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते. त्यामुळे थोरल्याचा पुकारा झाला तेव्हा आई आणि अर्जदार बाहेर व्हरांड्यातच बसून राहिले. थोरला आत गेला. दार लोटले गेले. आत तो काय बोलला, हे घरच्यांपैकी फक्त वडिलांनी ऐकले.

तो बाहेर आला तो सरळ आमच्या समोरून चालत गेला. आईने हाक मारली तरी थांबला नाही. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळाने वकील बाहेर आले आणि बाकीच्या दोघांना तपासायची गरज उरली नाही, असे सांगून गेले. आई लुगड्याचा पदर सावरून तयार होऊन बसली होती, ती तशीच उठली. अर्जदाराचे बूट फुकट गेले.

४. त्या संध्याकाळी आईने थोरल्याला विचारले, "काय बोललास आत?" तो म्हणाला, "सांगता येत नाही." एवढेच. वडील तर अबोल माणूस. त्यांनी या विषयावर उभ्या आयुष्यात एकच वाक्य उच्चारले, तेही हात धुताना, कुणाकडेही न पाहता : "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं."

पुढे निकाल विरुद्ध गेला. शिक्षा तशी किरकोळ होती, पण नोकरी गेली. किल्ली कचेरीत जमा करून वडील रिकाम्या खांद्याने घरी आले, त्या दिवसापासून घरात थोरल्याशी कुणी धड बोलले नाही. थोरला उलटला, असे आम्ही धरून चाललो. शेजाऱ्यांना तसे सांगितले, पाहुण्यांना तसे सांगितले. अर्जदाराने तर आपल्या बायकोला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच सांगितले. थोरला काही महिन्यांत घर सोडून गेला. गेला म्हणजे फार लांब नाही, याच शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिकडचा चढ गाडी शिकवायला उत्तम आहे. परंतु अर्जदाराने आजवर एकाही शिकाऊला तिकडे नेलेले नाही, आणि त्याच्या हाताखाली शिकलेली माणसे चढावर गाडी मागे घसरवतात, असा त्याचा लौकिक आहे.

वडील वारले तेव्हा थोरला दारापर्यंत आला होता. आईने आत बोलावले नाही. तो बाहेरूनच परत गेला.

५. आता तातडी कशाची, ते सांगतो. मध्यंतरी वहिनीचा, म्हणजे थोरल्याच्या पत्नीचा, फोन आला. थोरल्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागणार आहे आणि डॉक्टर चांगले बोलत नाहीत, असे ती म्हणाली. रडली नाही, पण थांबून थांबून बोलली. अर्जदाराने हे आईला सांगितले. आईची नजर आता अधू झाली आहे, ऐकू मात्र सगळे येते. ती म्हणाली, "आधी तो कोर्टाचा कागद आण. बापाच्या विरुद्ध काय बोलला ते कळल्याशिवाय मी त्याच्या उशाशी कुठल्या तोंडानं बसू?"

कुणाला तरी विचारून येतो, वकिलांच्या मुलाला गाठतो, असे अर्जदाराने सुचवून पाहिले. तिने ऐकले नाही. तिचे म्हणणे असे की, तोंडी ऐकण्यातच आयुष्य गेले, आता जे काय असेल ते कागदावरच पाहिजे. अर्जदाराने आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली ती यासाठी. त्याला मालमत्तेचा वाद घालायचा नाही, निकाल फिरवायचा नाही, कुणावर उलटा खटला भरायचा नाही. एका आईने आपल्या आजारी मुलाजवळ बसायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि हे त्याने पहिल्या अर्जात लिहिलेही होते. तो अर्ज "कारण स्पष्ट नाही" असा शेरा मारून परत आला.

६. दुसऱ्या अर्जाच्या वेळी लिपिकबाईंनी विचारले की प्रकरणाचा क्रमांक काय. अर्जदाराने सांगितले की क्रमांक प्रकरणाच्या कागदांवर असेल. त्या म्हणाल्या, बरोबर, आणि कागद पाहण्यासाठी क्रमांक लागतो. अर्जदाराने हे त्यांना दोनदा बोलायला लावले, आपल्या ऐकण्यात काही चूक होते की काय म्हणून. चूक होत नव्हती.

निकालाच्या तारखेवरून शोध घेता येतो, असे खिडकी क्रमांक तीनवरच्या गृहस्थांनी सांगितले, पण तारीख कुणाच्याच ध्यानात नव्हती. शेवटी बुटांनी हात दिला. ते बूट पुढच्या वर्षी पायात शिरेनासे झाले आणि त्या वर्षाच्या, साल छापलेल्या शाळेच्या फोटोत अर्जदार चपलांवर उभा आहे, तेव्हा त्याच्या आधीचे वर्ष खटल्याचे, एवढे नक्की झाले. त्या वर्षाच्या निकाली प्रकरणांची सूची चाळून खटला गोदामवाल्याच्या नावाखाली सापडला. वडिलांच्या नावाखाली शोधून शोधून अर्जदाराच्या नाकी नऊ आले होते. खटला त्यांच्यावर, शिक्षा त्यांना, नोकरी गेली त्यांची, आणि सूचीत नाव गोदामाचे. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पण घरी येऊन त्या दिवशी तो जेवला नाही.

७. यानंतर जे घडले ते अर्जदार आपल्या सचोटीचा पुरावा म्हणून सादर करतो. त्यात अभिलेखपाल यांना दोष देण्याचा हेतू मुळीच नाही, ते अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत.

क्रमांक मिळाल्यावर अभिलेखपाल यांनी शिडी लावून वरच्या फळीवरचा गठ्ठा खाली काढला. फडके झटकले, दोघेही शिंकलो. गठ्ठा टेबलावर ठेवून ते म्हणाले की या गठ्ठ्यात तुमच्या वडिलांचे प्रकरण आहे, पण परवानगीचा कागद वरून आल्याशिवाय दाखवता येणार नाही. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो. तुम्ही बसा. मला वेळ लागेल."

ते गेले. खोलीत दुसरे कुणी नव्हते. गठ्ठा अर्जदाराच्या हाताच्या अंतरावर होता आणि त्याची गाठ साधी होती, ओढली तर सुटेल अशी. समोरच्या भिंतीवर पाटी होती, "परवानगीशिवाय अभिलेख हाताळू नयेत." अर्जदार पाटीकडे पाहत बसला. अभिलेखपाल परत आले, त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिले, अर्जदाराकडे पाहिले, आणि साखर कमी पडली होती असे पुटपुटून पुन्हा चहाला गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हाही गाठ तशीच होती. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही कुठल्या मातीचे आहात?" असे ते म्हणाले. पाणी सोडणाऱ्याचा मुलगा दुसरे काय करणार?

त्या दिवशी गाठ सोडली असती तर पुढचे काहीही घडले नसते, ही गोष्ट अर्जदाराला आता रात्रंदिवस आठवते. बरे झाले असे म्हणावे की वाईट, ते त्याला ठरवता येत नाही.

८. यावर संदर्भ दोनचे पत्र मिळाले. मूळ आरोपी मयत असल्याने त्याच्या सर्व कायदेशीर वारसांची लेखी संमती जोडावी, असे त्यात होते. अर्जदाराने खिडकीवर विचारले की, ज्याची साक्ष हवी आहे तो साक्षीदारच वारस आहे, तेव्हा त्याने स्वतः अर्ज केला तर? बाईंनी सांगितले की साक्षीदार हा पक्षकार नव्हे, त्याला त्याच्या साक्षीवर हक्क नाही. पण वारस म्हणून त्याची सही मात्र हवी. म्हणजे जो काय बोलला ते कळल्याशिवाय त्याचे तोंड पाहायचे नव्हते, तो काय बोलला ते कळण्यासाठी आधी त्याचेच तोंड पाहणे आले.

अर्जदार तीन वेळा त्या चढापर्यंत जाऊन परत आला. चौथ्या वेळी गाडी खाली ठेवून पायी वर गेला आणि दार वाजवले. वहिनीने उघडले. तिने अर्जदाराला याआधी कधी पाहिले नव्हते, तरी ती म्हणाली, "या, भावोजी." चेहरा सारखा आहे म्हणे.

थोरला खुर्चीत बसला होता. वडील म्हातारपणी जसे दिसायचे, हुबेहूब तसा. अर्जदाराने घसा खाकरून, उभ्या उभ्याच, कामाचे सांगितले की न्यायालयातून साक्षीची नक्कल काढायची आहे, त्याला वारसांची संमती लागते, इथे सही हवी. थोरल्याने चष्मा लावून कागद नीट वाचला, सही केली, खाली तारीख घातली आणि तारखेखाली रेघ ओढली. मग त्याने विचारले, "कुणाची साक्ष?" अर्जदार म्हणाला, "तुझी."

थोरला म्हणाला, "मला विचारायचं ना."

मग सांग, असे अर्जदार म्हणाला. आवाज चढला होता, हे तो कबूल करतो.

यावर थोरल्याने जे सांगितले ते अर्जदार शक्य तितके जसेच्या तसे देत आहे, कारण आपल्या अभिलेखात हा मजकूर असणार नाही. "काय बोललो ते शब्द आठवत नाहीत रे. पाय कापत होते माझे. एवढं पक्कं आठवतं की वकिलांनी आधी बजावलं होतं, आत गेल्यावर बापाकडे बघायचं नाही, बघितलंस तर पढवून आणलंय म्हणतील. म्हणून नाही बघितलं. आणि बाहेर आल्यावर बाकीच्या साक्षीदारांशी बोलायचं नाही, खटला संपेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, असं न्यायाधीशसाहेबांनी सांगितलं होतं. म्हणून तिकडं जाऊन उभा राहिलो. खटला संपला तेव्हा सांगणार होतो. पण तोवर मला कुणी विचारतच नव्हतं."

अर्जदार तोवर उभाच होता. वहिनीने स्टूल पुढे सरकवले, पण बसताना तो नीट बसला नाही आणि पडता पडता वाचला. कुणी हसले नाही.

महोदय, आमच्या घरातल्या एकानेही लबाडी केली नव्हती. ज्याला जे करू नको म्हणून सांगितले ते त्याने केले नाही, इतकेच. वडिलांना ती सूचना ठाऊक नव्हती, कारण आरोपीला ती द्यायचे कुणाला सुचले नाही. पोराने माझ्याकडे पाहिले नाही, ही एकच गोष्ट घेऊन ते बाहेर आले आणि मरेपर्यंत तीच घेऊन बसले. आणि आम्ही त्यांच्या गप्प बसण्यावरून एक अख्खी साक्ष मनाने रचली. ती साक्ष अर्जदाराला तोंडपाठ आहे, कारण ती त्यानेच सर्वांत जास्त वेळा सांगितली.

९. घरी येऊन अर्जदाराने हे आईला सांगितले, आणि थोरल्याला त्याच रात्री रुग्णालयात दाखल करणार असल्याचेही. कागद नाही मिळाला, तोंडीच आहे, हेही सांगितले. तिने सगळे पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, "त्याला बोलायची मनाई होती. मला कुठं होती विचारायची मनाई? मी एकदाच विचारलं." नंतर ती भिंतीकडे वळून निजली. झोपली नव्हती, श्वासावरून कळत होते.

सकाळी अर्जदार कामावर निघाला तर ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. शाळेची गाडी, वर "शिकाऊ" अशी लाल अक्षरे. हातात धुतलेली चादर घेतलेली. रुग्णालयात चादर देतात, असे अर्जदाराने सांगितले, पण त्यांच्या चादरीला त्यांचा वास येतो असे ती म्हणाली. वाटभर अर्जदाराचा पाय नको तिथे ब्रेकवर पडत होता. "सारखा थांबवू नकोस, चालव," असे आई दोनदा बोलली. तो चढ अर्जदाराने गाडी घेऊन पहिल्यांदाच चढला. रुग्णालय चढ संपतो तिथेच आहे.

१०. थोरला खाटेवर उशाला टेकून बसला होता. आईला समोरचे नीट दिसत नाही, म्हणून ती अगदी जवळ जाऊन उभी राहिली. थोरल्याने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "बघतोयस ना?" तो हो म्हणाला. मग ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने त्याच्या अंगावरची रुग्णालयाची चादर काढून आपली घातली. तेव्हापासून ती तिथून हललेली नाही. परिचारिकेने भेटीची वेळ संपल्याचे सांगितले, तरी नाही. आमच्या घरात कुणी नियम मोडल्याचे अर्जदाराने पाहिले ते हे पहिलेच उदाहरण.

थोरला साक्षीबद्दल बोलू लागला. त्याला आता वेगळीच धास्ती लागली आहे. शब्द आठवत नाहीत, पाय कापत होते, तेव्हा न जाणो, घाबरून काही भलतेच बोलून गेलो असेन आणि वडिलांची नोकरी खरोखरच आपल्यामुळे गेली असेल, असे त्याच्या मनात येते. कागदात तसे निघाले तर आईला वाचून दाखवू नकोस, असे तो अर्जदाराच्या कानाशी म्हणाला. आईला ते ऐकू गेले. ती म्हणाली, "मला नाही वाचायचं काही. तू आता बोलू नकोस, दमशील."

११. आणि अशातच काल संध्याकाळी संदर्भ तीनचे पत्र हाती पडले, त्याला जोडून खिडकीवर दिलेले संमतीपत्रही परत आले. संमतीपत्रावरील सह्यांची खातरजमा होणे आवश्यक असल्याने सर्व वारसांनी एकाच वेळी, समक्ष, उद्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात हजर राहावे. कोणीही एक गैरहजर राहिल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.

महोदय, शस्त्रक्रिया उद्या शुक्रवारी सकाळीच आहे. अकरा वाजता थोरला शुद्धीवर नसेल.

अर्जदार ते पत्र घेऊन आज खिडकी उघडण्याआधीच आपल्या कार्यालयात आला होता. तारीख बदलून देण्याचा अधिकार खिडकीला नाही, असे त्याला सांगण्यात आले. कुणाला आहे, ते सांगण्याचाही नाही. म्हणून हा अर्ज थेट आपल्याला. तो पोचवायला अर्जदार स्वतः येत आहे आणि गाडी चालू ठेवून बाहेर थांबणार आहे.

१२. विनंती पुढीलप्रमाणे.

(अ) वारसांनी एकाच वेळी समक्ष हजर राहावे, ही आपल्या कार्यालयाची अट आज, आत्ता, पूर्ण झालेली आहे. आई, थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा एका खोलीत आहेत. थोरला घर सोडून गेल्यापासून ही गोष्ट प्रथमच घडत आहे. फक्त खोली आपली नाही, रुग्णालयाची आहे. तरी आपल्या कार्यालयातील कोणाही एका कर्मचाऱ्यास अर्जदाराबरोबर पाठवून ही हजेरी आज दिवस मावळायच्या आत नोंदवून घ्यावी. अभिलेखपाल यांनी येण्याची तयारी दाखवली आहे, ते चहाला जातो असे सांगून निघतील. उद्या सकाळनंतर वारस तितकेच राहतील की एक कमी होईल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारले, तेही म्हणतात, बघू.

(ब) या हजेरीची एक प्रमाणित प्रत आईला द्यावी. तिला कागदच लागतो.

(क) साक्षीच्या नकलेबाबत अर्जदार आपली घाई मागे घेतो. ती वाचावी असे त्याला वाटत नाही, असे मुळीच नाही. हे लिहितानाही पाय दाबलेला आहे. परंतु ती साक्ष ज्याची आहे त्याने ती आधी वाचावी, हे त्याला आता पटले आहे. बरा होऊन थोरला स्वतः येईल, हातात नियमाप्रमाणे लागतील ते सगळे कागद घेऊन येईल, आणि त्या वेळी साक्षीदाराला हक्क नाही असे त्याला खिडकीवरून सांगू नये. तोवर गठ्ठा खालच्या टेबलावरच बाजूला ठेवावा. शिडी लावून पुन्हा वरच्या फळीवर टाकू नये.

(ड) तो आलाच नाही, तर गठ्ठा न सोडता वर ठेवून द्यावा. अर्जदार त्यासाठी पुन्हा अर्ज करणार नाही.

आपला नम्र आणि बाहेर गाडीत थांबलेला,

(सही)
अर्जदार,
पाणी सोडणाऱ्याचा धाकटा मुलगा

दिनांक : गुरुवार, दुपार
स्थळ : रुग्णालय, पहिला मजला, खिडकीकडून दुसरी खाट

सोबत :
१) वारसांचे संमतीपत्र. त्यावर थोरल्याच्या नावापुढे दोन सह्या आहेत. पहिली त्याच्या घरी केलेली. दुसरी आज, आईने स्वतःसमोर पुन्हा करायला लावलेली. कागद गुडघ्यावर ठेवल्याने ती थोडी हललेली आहे, ती खरी धरावी.
२) संदर्भ तीनचे पत्र, मूळ.
३) रुग्णालयाचा दाखला, शस्त्रक्रियेच्या वेळेसह.